शुद्धीवर आले म्हणजे धोका टळला, असे नाही

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत कडाक्याच्या थंडीत शेगडी खोलीत घेतली जाते, आणि तिच्यासोबत दोन समजही टिकून आहेत: निखारे लाल होऊन धूर थांबला की बाधा होत नाही, आणि कोणी गुदमरलेच तरी मोकळ्या हवेत शुद्धीवर आले की प्रश्न मिटला.

पहिला समज चुकीचा आहे, कारण कोळसा जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग किंवा वास नसतो आणि तो बिनधुराच्या निखाऱ्यांतूनही भरपूर निघतो. (शेजारी पाण्याचे पातेले ठेवून काही साधत नाही, हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.)

दुसरा समज मला अधिक घातक वाटतो. रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक ओढीने चिकटतो, साध्या हवेत त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायलाच 4 ते 5 तास लागतात, आणि मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणाची हानी त्यानंतरही चालू राहू शकते. म्हणून पूर्ण बरे दिसणारे काही रुग्ण 2 ते 40 दिवसांनी बदलू लागतात: चहात साखर घातली की नाही हे आजींना आठवेनासे होते, पावले अडखळतात, लघवीवरचा ताबा सुटतो, आणि घरचे हे सारे वयावर ढकलतात. अशा वेळी डॉक्टरांना शेगडीची हकीकत आवर्जून सांगावी. गुदमरल्यावर बोटाच्या ऑक्सिमीटरवर 98 दिसले तरी त्यावर विसंबू नये. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही ऑक्सिजनयुक्तच समजते.