दिव्यांग डबा आणि त्याच्या वापराचे संकेत

मुंबई उपनगरी रेल्वेच्या लोकल गाड्यांत दिव्यांग प्रवाशांसाठी राखून ठेवलेल्या कप्प्याला दिव्यांग डबा म्हणतात. रोजच्या प्रवाशांच्या तोंडी तो अजूनही ‘अपंगांचा डबा’ किंवा ‘हँडिकॅपचा डबा’ आहे. वस्तुतः तो सबंध डबा नसून आडभिंतीने वेगळा केलेला डब्याचा एक भाग असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूस चाकांच्या खुर्चीचे चिन्ह रंगवलेले असते आणि तो फलाटावर जेथे थांबतो तेथे दृष्टिहीनांना जागा कळावी म्हणून सतत ‘बीप’ वाजणारे यंत्र बसवलेले आढळते. प्रस्तुत नोंदीत या कप्प्यात दिव्यांग नसलेल्यांनी प्रवास करण्याविषयीचे लिखित व अलिखित संकेत विचारात घेतले आहेत.

या संकेतांचा कायदेशीर आधार वाटतो तितका सरळ नाही. अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या कायद्यातील कलम ४४ मध्ये रेल्वेचे डबे व त्यांतील स्वच्छतागृहे सहज वापरता येतील अशी करावीत, असे सांगितले होते. मात्र हे बंधन परिवहन संस्थांच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत होते आणि त्याचा रोख बांधणीवर होता, राखीव कप्प्यावर नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ (अंमल एप्रिल २०१७ पासून) याच्या कलम ४१ चा भरही सुगम्यतेवरच आहे. कप्प्यात शिरणाऱ्या इतर प्रवाशावर कारवाई होते ती सामान्यतः रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १५५ खाली. या कलमाप्रमाणे आपल्यासाठी राखीव नसलेल्या जागेतून, अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याने सांगूनही, बाहेर पडण्यास नकार देणाऱ्या प्रवाशाला उतरवता येते व ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महिलांच्या डब्याविषयीचे कलम १६२ मात्र पुरुषाने जाणूनबुजून केलेल्या नुसत्या प्रवेशालाही शिक्षापात्र ठरवते. कलम १५५ चा शब्दशः अर्थ घेतल्यास गुन्हा प्रवेशाने नव्हे, तर नकाराने पूर्ण होतो, आणि ‘कोणी आले तर उठू’ या सबबीला थोडा आधार मिळतो. याउलट, कप्पा राखीव ठेवण्याच्या हेतूकडे पाहिल्यास प्रवेशच अनुचित ठरतो. हे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते, आणि त्याचे कारण कायद्यापेक्षा लोकलच्या चालीत आहे.

बसमधील राखीव आसन किंवा सार्वजनिक इमारतीतील सुगम्य स्वच्छतागृह इतरांनी वापरले, तर गरजू व्यक्तीला काही वेळ थांबावे लागते. वापरणारा बाजूला झाला की प्रश्न मिटतो. लोकल मधल्या स्थानकांवर साधारण अर्धा मिनिटच थांबते. तेवढ्या वेळात कुबडी घेतलेल्या प्रवाशाला एका हाताने दारातील खांब पकडून, फलाट व पायरी यांतील फट ओलांडून आत यावे लागते, आणि त्यासाठी आसनापेक्षा आधी दार मोकळे लागते. दारात चार धडधाकट माणसे उभी असतील आणि त्यांची बाजूला होण्याची कितीही तयारी असली, तरी ती हलेपर्यंत गाडी सुटलेली असते. म्हणून ‘डबा रिकामाच होता’ हे समर्थन येथे लंगडे पडते : गाडी सुटते तेव्हा रिकामा असलेला कप्पा दादरला पोहोचेपर्यंत रिकामा राहत नाही, आणि आधी शिरलेल्याला गर्दीतून मधेच उतरताही येत नाही. बसण्याच्या रीतीही इतर डब्यांहून वेगळ्या आहेत. तिघांच्या बाकावर सरकून ‘चौथी सीट’ मागण्याची उपनगरी प्रथा येथे लागू करणे योग्य नाही, कारण कॅलिपर (पायाला आधार देणारी धातूची पट्टी) लावलेला पाय पुष्कळदा सरळच ठेवावा लागतो.

पात्रतेच्या बाबतीत नियम व समज यांत अंतर आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांखेरीज कर्करोगाचे रुग्ण व गरोदर स्त्रिया यांनाही या कप्प्यातून प्रवासाची मुभा आहे. केवळ ज्येष्ठत्व मात्र पुरेसे नाही; ज्येष्ठ नागरिकांसाठी द्वितीय वर्गात वेगळी आसने राखीव असतात. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते २०१६ मध्ये २१ झाले आणि त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन यांसारख्या, पाहताक्षणी न कळणाऱ्या अवस्था आल्या. त्यामुळे ‘कार्ड दाखवा’ ही सहप्रवाशांची मागणी नाजूक बनली आहे. नेहमीचे प्रवासी घुसखोरीला कंटाळून ती करतात, हे समजण्यासारखे आहे. तथापि तपासणीचा अधिकार रेल्वे कर्मचारी व रेल्वे सुरक्षा दल यांचा आहे, आणि दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हा २०१६ च्या अधिनियमातील कलम ९२ प्रमाणे किमान ६ महिने कारावासाचा गुन्हा आहे. एकदा विचारून, उत्तर पटले नाही तर पुढच्या स्थानकावर तक्रार करणे हा मार्ग त्यातल्या त्यात निर्धोक होय.

न दिसणारी गरज ओळखण्याची हीच अडचण इतरत्र खुणेने सोडवण्याचा प्रयत्न झालेला आहे. टोकियो महानगर प्रशासनाने २०१२ मध्ये पिशवीला अडकवायची तांबडी ‘हेल्प मार्क’ पट्टी आणली आणि लंडनच्या वाहतूक यंत्रणेने २०१७ मध्ये आसनाची विनंती करणारा बिल्ला सुरू केला. दोन्ही ठिकाणी प्रश्न अग्रक्रमाच्या आसनांचा आहे. स्वतंत्र कप्प्याला ही पद्धत कितपत लागू पडेल, हे सांगणे कठीण आहे.

मुंबईत २५ डिसेंबर २०१७ पासून धावू लागलेल्या वातानुकूलित लोकलमध्ये डबे आतून जोडलेले असून दारे आपोआप बंद होतात. तेथे भिंतीने तोडलेल्या कप्प्याऐवजी काही आसने राखीव आहेत, त्यामुळे मागताच उठून जागा देणे हा मेट्रोसारखा संकेत तेथे अधिक लागू पडतो.