खापर आंब्यावर, कारण हवेत

मे महिन्यात घरात आंब्याची पेटी येते आणि त्याच आठवड्यात कोणाच्या तरी कपाळावर, हनुवटीवर मुरमं उठतात. घरातली वडीलधारी मंडळी निकाल देऊन मोकळी होतात: आंबा उष्ण, बाधणारच. हापूसची बाजू मांडायला कोणी उरत नाही, म्हणून थोडी वकिली करतो. खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्यानं चढते, याचं माप म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. आंब्याचा हा आकडा पन्नाशीच्या आसपास, म्हणजे पांढऱ्या ब्रेडपेक्षा बराच कमी. साखर भराभर चढवणारं खाणं कमी केलं की मुरमंही कमी होतात, असं २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या तरुणांवर केलेल्या १२ आठवड्यांच्या प्रयोगात दिसलं होतं. तेव्हा वरून साखर घातलेला आमरस वाट्यांमागून वाट्या रिचवला, तर आजीच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण आंब्याच्या मोसमात मुंबई-ठाण्याच्या हवेत जे घडतं, त्यापुढे आंब्याचा गुन्हा किरकोळ ठरावा.

ब्रिटिश त्वचातज्ज्ञ कनलिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये कपाळावर किती तेल येतं ते मोजलं. त्वचेचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढलं की बाहेर पडणाऱ्या तेलाचं प्रमाण साधारण १० टक्क्यांनी वाढत होतं. या तेलाला सीबम म्हणतात. ते बनवणाऱ्या ग्रंथी चेहऱ्यावर सगळ्यात दाट असतात, एका चौरस सेंटिमीटरमध्ये ४०० ते ९००. पोटरीवर किंवा हातावर त्या फारच तुरळक, त्यामुळे मे महिन्यातही पोटरी तेलकट होत नाही. जानेवारीच्या सकाळी थंड असलेलं कपाळ मे महिन्याच्या दुपारी दोन-तीन अंशांनी तापलं, तर तेलाचा फरक नाकाच्या शेंड्यावर नुसता हात फिरवला तरी कळतो.

तेलाच्या जोडीला घाम. शरीरावर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात आणि कपाळ हा त्यांचा आवडता मुलूख. घाम येण्याचा उपयोग तो वाळण्यात आहे. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो (या भौतिकशास्त्रातल्या कॅलरी, डाएटच्या नव्हेत). घाम वाळला नाही, नुसता ओघळून गेला, तर त्यानं काही थंडावा दिला नाही, फक्त शर्ट भिजवला.

नागपूरचा पाहुणा मुंबईत येऊन हमखास म्हणतो, आम्ही ४४ अंशांत राहतो, पण तुमचे हे ३३ सोसवत नाहीत. त्याचं म्हणणं आकड्यांत मांडता येतं. घाम किती वेगानं वाळणार, हे त्वचेजवळच्या बाष्पाचा दाब आणि हवेतल्या बाष्पाचा दाब यांच्यातल्या फरकावर ठरतं. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेजवळ हा दाब साधारण ५.६ किलोपास्कल असतो. मुंबईत ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर हवेतला दाब ३.५ भरतो. फरक उरला २.१. नागपुरात ४४ अंश आणि २० टक्के आर्द्रता धरली, तर हवेतला दाब १.८, म्हणजे फरक ३.८. घामाला वाळायला तिथं जवळपास दुप्पट वाव आहे. तिथली हवा त्वचेला वरून भाजते ती वेगळी, पण आलेला घाम कामाला तरी लागतो. मुंबईत तो चेहऱ्यावरच बसून राहतो, श्रावणात दोरीवर टाकलेल्या कपड्यांसारखा. शरीराला गारवा मिळत नाही, म्हणून ते आणखी घाम सोडतं.

सतत ओल्या राहणाऱ्या त्वचेचा वरचा थर पाणी पिऊन फुगतो. तो फुगला की तेलग्रंथींची तोंडं अरुंद होतात. आत तेल वाढलेलं, वर वाट चिंचोळी. दुसऱ्या महायुद्धात आणि पुढे व्हिएतनाममध्ये आग्नेय आशियाच्या दमट जंगलांत लढणाऱ्या सैनिकांना पाठीवर, मांड्यांवर इतकी भयंकर मुरमं आली की डॉक्टरांनी त्या प्रकाराला 'ट्रॉपिकल ॲक्ने' असं वेगळं नाव दिलं. आपल्याकडे जंगल नाही, पण हेल्मेट आहे. हेल्मेटचं अस्तर कपाळाला घासतं, पट्टा हनुवटीला घासतो आणि दोन्ही ठिकाणी घाम कोंडतो. पुण्यात स्कूटरवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं बांधतात. ऊन आणि धूळ अडवायला तो उत्तम आहे, फक्त तो रोज धुतलेला आणि सुती असावा. सोमवारचाच स्कार्फ शुक्रवारी बांधला, तर चार दिवसांचं तेल आणि घाम पुन्हा गालांवर चोळल्यासारखं होतं.

घामाच्या नळीचंच तोंड बंद झालं की घामोळं येतं. त्यावर गारव्याएवढं औषध नाही: पंख्याखाली बसा, सैल सुती कपडे घाला. पावडरचे थरावर थर दिले की ती घामात कालवून त्याच नळ्यांच्या तोंडाशी बसते.

आणखी एक पाहुणा इथं मुक्काम ठोकतो. मॅलासेझिया नावाची बुरशी जवळपास प्रत्येकाच्या त्वचेवर असते. ती चरबीवर जगते, आणि तेल, ऊब, ओल असं सगळं एकत्र मिळालं की फोफावते. मानेवर आणि पाठीवर उठणारी शिबं हिचीच करणी. कपाळावर केसांच्या रेषेजवळ एकाच आकाराचे, बारीक आणि खाज सुटणारे पुरळ उठले, तर तेही बहुधा हिचंच काम. मुरमांना सहसा एवढी खाज नसते, शिवाय त्यांत काळे-पांढरे ठिपके आणि लहानमोठ्या गाठी अशी सरमिसळ दिसते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बुरशीच्या पुरळावर मुरमांची अँटिबायोटिक गोळी घेतली तर तो आणखी वाढू शकतो. डोक्याला चपचपीत खोबरेल लावून झोपण्याची सवय असेल, तर ते रात्रभर कपाळावर उतरतं. खोबरेलात लॉरिक आम्ल हा चरबीचा घटक भरपूर असतो आणि तो या बुरशीला चालतो. खोबरेलावर माझा राग नाही, ते केसांना लावा. फक्त दमट महिन्यांत तासाभरानं धुऊन टाका आणि चेहऱ्यावर मात्र नको.

एवढं सगळं चेहऱ्यावर साचलंय म्हटल्यावर साहजिकच हात साबणाकडे जातो. घाम आला की धू, तेल दिसलं की धू, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पुन्हा फेसवॉश. चेहऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, असं मला वाटतं. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा पीएच ९ ते १०. त्वचेच्या वरच्या थरातल्या मृत पेशींच्या मधल्या फटींत जो स्निग्ध पदार्थ भरलेला असतो, तो बनवणारी एन्झाइम्स आम्लधर्मी वातावरणातच नीट काम करतात. साबणानं पीएच वर गेला की हे काम काही तास मंदावतं, आणि ते पूर्ववत होण्याआधीच आपण पुन्हा साबण लावलेला असतो. त्यात सोसायटीला टँकरचं किंवा बोअरवेलचं जड पाणी येत असेल, तर साबण आणि कॅल्शियम मिळून एक चिकट साका बनतो. बादलीच्या कडेला जो पांढरट थर दिसतो तोच. तो गालांवरही राहतो आणि आग करतो.

चेहरा किती वेळा धुवावा, याचा एक छोटा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुरमं असलेल्या मुलांचे तीन गट केले: दिवसातून एकदा, दोनदा आणि चारदा धुणारे. दोनदा धुणाऱ्यांच्या मुरमांत सुधारणा दिसली, एकदाच धुणाऱ्यांची तक्रार वाढली. चारदा धुण्यानं दोनदा धुणाऱ्यांपेक्षा जास्त काही पदरात पडलं नाही. प्रयोग लहान होता, पण त्वचारोगतज्ज्ञांचा सल्लाही हाच असतो: सकाळी एकदा, घरी परतल्यावर एकदा, सौम्य आणि साबणविरहित क्लेन्झरनं. मधल्या वेळेत घाम आला तर साधं पाणी मारा किंवा स्वच्छ रुमालानं टिपा. टिपायचं, घासायचं नाही.

घरगुती उपायांत मुलतानी माती खरोखर तेल शोषते. आठवड्यातून एकदा लावा, पण वाळून चेहरा ताणला जाण्याआधी धुवा. लिंबू मात्र स्वयंपाकघरातच राहू द्या. त्याचा पीएच २ च्या जवळपास, शिवाय त्यातल्या फ्युरोकुमारिन या द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजून काळे पट्टे उठू शकतात. डाग घालवायला लावलेलं लिंबूच डाग देऊन जातं.

शहरातल्या चेहऱ्याची खरी परवड मात्र दमट हवेपेक्षा दमट आणि कोरड्या हवेतल्या येरझाऱ्यांत होते. घामाघूम होऊन एसी लोकलमध्ये चढायचं, उतरून पुन्हा घामात, मग आठ तास ऑफिसच्या एसीत. एसीच्या थंड कॉइलवर हवेतलं बाष्प पाणी होऊन गळतं (खिडकीखालच्या फळीवर टपटपणारं पाणी तेच), म्हणून खोलीतली हवा कोरडी होते. त्वचेला हवेचा अंदाज घेऊन स्वतःची तयारी करावी लागते. तिच्यात पाणी धरून ठेवणारी द्रव्यं फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे होऊन बनतात, आणि हवा अगदी दमट असेल तर हे तुकडे होण्याचं काम थंडावतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. दमट हवेत ठेवलेल्या उंदरांना एकदम कोरड्या हवेत हलवलं, तेव्हा त्यांच्या त्वचेतून पाणी बाहेर झिरपण्याचं प्रमाण कितीतरी वाढलं. माणसाची त्वचा उंदरापेक्षा जाड, पण दिशा तीच असणार. म्हणून वरून तेलकट आणि आतून ताणलेला, असा विचित्र चेहरा एसीत बसणाऱ्यांचा होतो. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला, या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. सीबम म्हणजे पाणी नव्हे. ग्लिसरीन किंवा हायल्युरोनिक ॲसिड असलेलं पातळ, जेलसारखं मॉइश्चरायझर घ्यावं. थंडीतली जाड कोल्ड क्रीम कपाटात राहू द्यावी.

आता ऊन. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तोच शून्य सावलीचा दिवस. जुलैतला दिवस ढगांत हरवतो, पण पातळ ढगांमधून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतच असतो. काचही पुरेशी नाही. अतिनील किरणांचे यूव्हीबी आणि यूव्हीए असे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात; काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बराचसा आत सोडते. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या अमेरिकी चालकाचं छायाचित्र छापून आलं होतं. खिडकीकडच्या डाव्या गालावर खोल सुरकुत्यांचं जाळं, उजवा गाल त्या मानानं तुकतुकीत. आपल्याकडच्या चालकांचा उजवा गाल खिडकीकडे असतो.

गालांवर वांग येण्यात यूव्हीएचा मोठा हात असतो आणि सावळ्या त्वचेत दिसणारा साधा प्रकाशही त्यात भर घालतो. म्हणूनच वांग असणाऱ्यांना रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन सुचवतात. सनस्क्रीनवरचा संरक्षणाचा आकडा, म्हणजे एसपीएफ, ३० असेल तर यूव्हीबीचा ९७ टक्के भाग अडतो, ५० असेल तर ९८. या एका टक्क्यापेक्षा किती लावता याचा फरक जास्त पडतो. डबीवरचा आकडा चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो आणि बहुतेक लोक त्याच्या पाव ते निम्मंच लावतात. तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन पूर्ण रेघा, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. घाम पुसताना तेही पुसलं जातं, तेव्हा बाहेर असाल तर दोन तासांनी पुन्हा.

प्रदूषणाबद्दल जाहिरातींत बरंच सांगतात. अभ्यासातला आकडा हवा असेल, तर जर्मनीत ४०० वृद्ध स्त्रियांची पाहणी झाली होती. वाहनांच्या काजळीचा त्रास जिथं जास्त, तिथं कपाळावर आणि गालांवर डाग २० टक्क्यांनी जास्त आढळले. संध्याकाळी घरी आल्यावर चेहरा नीट धुणं, याहून वेगळं 'अँटिपोल्युशन' काही विकत घ्यायची गरज मला तरी दिसत नाही.

आणि शेवटी केमिस्टच्या काउंटरवरची गोष्ट. "डाग आहेत, एखादी ट्यूब द्या," असं म्हटलं की जी ट्यूब हातात पडते, तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, कारण स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं आणि रंगद्रव्य दाबतं. शेजारीण विचारते, तिलाही नाव सांगितलं जातं. काही महिन्यांनी त्वचा कागदासारखी पातळ होते, तिच्याखालच्या लाल शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, गालांवर लव वाढते. ट्यूब सोडली की चेहरा लालबुंद होऊन आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. भारतात हे इतकं वाढलं की इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस' असं नाव दिलं. २०१८ मध्ये सरकारनं अशी १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायला बंदी आहे. ती तरीही मिळतात. नायट्यावरच्या मलमांतही ती असतात आणि घरातलं नायट्याचं मलम सहज चेहऱ्यावर जातं.

ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही छापलेलं असेल, तर ती स्वतःच्या मनानं चेहऱ्यावर सुरू करू नका. महिनोनमहिने लावत असाल, तर एकदम बंदही करू नका. ती हळूहळू कशी सोडायची हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. जाताना रिकामी ट्यूब सोबत न्या, नावं सांगताना घोळ होतो.