'फील्स लाइक' वेगळं आणि अंगावरचं ऊन वेगळं

एप्रिल लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर हवामानाच्या अ‍ॅपचे स्क्रीनशॉट सुरू, "३४ आहे पण फील्स लाइक ४२ दाखवतंय, उन्हात गेलं की असं होतं". अहो, त्या ४२ मधे ऊन धरलेलंच नसतं बहुतेक वेळा!

तापमान म्हणजे सावलीतल्या हवेचं, पांढऱ्या झडपांच्या पेटीतल्या थर्मामीटरचं, ते सगळ्यांना माहितीये, पुढे चला. त्यात दमटपणा मिसळला की घाम वाळत नाही, जास्त उकडतं, तो हिशोब म्हणजे हीट इंडेक्स, अ‍ॅपमधला 'फील्स लाइक' उन्हाळ्यात बहुतेक वेळा हाच. ३४ डिग्री आणि ६० टक्के दमटपणा असेल तर साधारण ४२ येतो. मुंबईकराला हे शिकवायची गरज नाही.

खरा घोळ पुढे आहे. हा इंडेक्स तुम्ही सावलीत आहात आणि थोडा वारा आहे असं धरूनच काढलेला असतो. अमेरिकेची नॅशनल वेदर सर्व्हिस स्वतःच सांगते की थेट उन्हात त्यात साधारण ८ डिग्रीपर्यंत भर पडू शकते. कारण उघड्यावर नुसती हवा तापवत नाही, वरून सूर्य, खालून डांबर, बाजूने तापलेल्या भिंती आणि काचा, सगळीकडून उष्णता अंगावर येत असते. या सगळ्याचा मिळून जो आकडा काढतात त्याला म्हणतात मीन रेडियंट टेंपरेचर, आणि हवा ३५ ला असताना भर दुपारी उघड्या चौकात तो ६० च्या वर जाऊ शकतो. (हवा ६० नाही हां, कृपया आता याचा स्क्रीनशॉट फिरवू नका.)

१६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमाला लोक तासन् तास उन्हात बसले होते, पारा ३८ च्या आसपास, विदर्भातल्या माणसाला विचाराल तर काहीच नाही, आणि १४ जण दगावले. "३८ मधे असं कसं होईल" म्हणणारे फक्त हवेचा आकडा बघत होते.

आणि म्हणूनच सगळी सावली सारखी नसते. बस स्टॉपवरचा पत्रा ऊन अडवतो पण स्वतः तापून खाली उष्णता फेकतो, तव्याखाली उभं केल्यासारखं वाटतं. झाडाची पानं पाणी सोडत राहतात म्हणून हवेपेक्षा फारशी तापत नाहीत. त्यामुळे चांगलं मोठं झाड तोडून तिथे स्टीलचा चकचकीत स्टॉप बसवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात ते दिसायला गबाळं वाटलं तरी परवडलं. पांढरा रंग गच्चीवर जरूर मारा, फूटपाथवर नको, जमीन कमी तापते हे खरं पण परतलेलं ऊन चालणाऱ्याच्या अंगावर येतं. पाण्याचे फवारे नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात ठीक, मुंबईत नुसती चिकचिक.

उन्हासकट आकडा हवा असेल तर डब्ल्यूबीजीटी, म्हणजे वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर, बघा. यात ओल्या वातीच्या (दमटपणा धरणाऱ्या) थर्मामीटरला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्यातल्या (ऊन धरणाऱ्या) थर्मामीटरला २० आणि साध्या हवेला फक्त १०. अमेरिकन सैन्याच्या ट्रेनिंग कॅम्पसाठी १९५० च्या दशकात काढलेली पद्धत आहे ही. मैदानावरची कवायत, मॅरेथॉन, स्लॅबचं काम, दुपारची सभा ठेवायची की नाही हे ठरवताना हाच आकडा बघायचा, फोनवरचा फील्स लाइक नाही.