औषध आधी सापडलं, कारण मागाहून कळलं

1932 साली जर्मनीत बायर या कंपनीच्या प्रयोगशाळेत गेरहार्ट डोमाक यांनी एक लाल रंगद्रव्य उंदरांना दिलं. स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूच्या जीवघेण्या संसर्गातून उंदीर वाचले. पण तेच द्रव्य काचनळीत जिवाणूंवर घातलं तर काहीच होईना, जिवाणू मजेत वाढत राहिले. प्रॉन्टोसिल या नावाने ते बाजारात आलं तेव्हाही हे कोडं तसंच होतं.

ते सोडवलं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने, 1935 साली. शरीरात गेल्यावर त्या रेणूचे दोन तुकडे होतात, आणि काम करतो तो त्यातला रंगहीन तुकडा, सल्फानिलामाइड. लाल रंगाचा रोगाशी काडीचा संबंध नव्हता! गंमत म्हणजे हा तुकडा 1908 मध्येच तयार होऊन पडलेला होता. त्यावर कुणाचा हक्क उरला नसल्याने तो कुणीही बनवू लागलं.

तरीही तो करतो काय, हे 1940 पर्यंत कळलं नव्हतं. त्या वर्षी डोनाल्ड वुड्स यांनी दाखवलं की सल्फानिलामाइड हा दिसायला पाबा या साध्या पदार्थाचा जुळा भाऊ आहे. जिवाणू पाबापासून स्वतःचं फॉलिक आम्ल बनवतात. हे काम घडवणाऱ्या विकराने (एन्झाइमने) पाबाऐवजी हा तोतया धरला की काम अडतं. आपण फॉलिक आम्ल अन्नातून घेतो, त्यामुळे आपलं काही बिघडत नाही. काटेकोर बोलायचं तर सल्फा औषधं, म्हणजे सल्फानिलामाइड आणि त्याची भावंडं, जिवाणूंना मारत नाहीत. ती वाढ रोखतात, पुढचा निकाल पांढऱ्या पेशी लावतात. ‘जिवाणू मारणारं औषध’ हे शब्द आपण जरा सैलच वापरतो.

त्याआधीची साधनं सरसकट घणाघात करणारी होती. जोसेफ लिस्टर यांनी 1865 मध्ये ग्लासगोत जखमांवर कार्बोलिक आम्ल वापरलं. ते जिवाणूचं पटल फोडतं आणि प्रथिनांची घडी विस्कटतं, पण रुग्णाच्या पेशींनाही सोडत नाही. अल्कोहोलचं तसंच. शुद्ध अल्कोहोलपेक्षा सत्तर टक्क्यांचं अधिक परिणामकारक ठरतं, कारण प्रथिनं विस्कटायला पाण्याची साथ लागते. फक्त जंतूला टिपणारी ‘जादूची गोळी’ हवी, ही कल्पना पॉल एर्लिख यांची. काही रंग ठरावीक पेशींनाच चढतात, मग विषही तसं निवडून का चढू नये, असा त्यांचा तर्क होता. त्यातून 1910 मध्ये उपदंशावरचं सॅल्व्हारसान आलं.

निवडून मारण्याची सगळ्यात सोयीची जागा मात्र एका माणसाच्या हाताखालून दोनदा गेली. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये नाकातल्या स्रावात जिवाणू विरघळवणारं लायसोझाइम असल्याचं जाहीर केलं. 1928 मध्ये त्यांना बुरशीभोवती जिवाणू नाहीसे झालेले दिसले, तेच पेनिसिलिन. एक आपल्या अंगातलं, एक बुरशीतलं. दोन्हींचा मारा एकाच ठिकाणी, पेशीभित्तीवर, पण हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं.

जिवाणूच्या आत पाण्याचा दाब मोठा असतो. साखर आणि अमिनो आम्लांच्या धाग्यांचं पेप्टिडोग्लायकन नावाचं जाळं तो पेलून धरतं. लायसोझाइम विणलेलं जाळं कापतं. पेनिसिलिन मात्र नव्या धाग्यांच्या गाठी मारणाऱ्या विकराला कायमचं चिकटतं. जिवाणू वाढत राहतो, गाठी पडत नाहीत, आणि तो फुटतो. म्हणूनच निपचित पडलेल्या, न वाढणाऱ्या जिवाणूवर पेनिसिलिन फारसं चालत नाही. आपल्या पेशींना ही भित्तीच नसते. या गाठींचा उलगडा झाला 1965 मध्ये, म्हणजे औषध रुग्णांना देऊ लागल्यावर दोन तपांनी.

पुढची वर्षं धबडग्याची. 1943 मध्ये मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. ते रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर बसून तिला चुकीची प्रथिनं बनवायला लावतं. 1962 चं नॅलिडिक्सिक आम्ल हे जिवाणूविरोधी औषध हिवतापाच्या औषधावर काम करताना निघालेल्या उपपदार्थाचं अपत्य. डीएनएचा पीळ सांभाळणारं जे विकर ते अडवतं, त्याचा शोध लागला 1976 मध्ये.

क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने तर ‘नैसर्गिक बरं की कृत्रिम’ हा वादच निकालात काढला. 1947 मध्ये ते मातीतल्या जिवाणूत सापडलं, 1949 मध्ये संपूर्णपणे प्रयोगशाळेत बनलं. रेणू तोच, परिणाम तोच. जिवाणूला रेणूच्या कुळाशी देणंघेणं नसतं. ‘नैसर्गिक म्हणजे सौम्य’ हा समज मला म्हणूनच पटत नाही. मधाची जिवाणूविरोधी ताकद तरी कशात आहे? साखर पाणी ओढून घेते, आणि मध पातळ केला की त्यातलं विकर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, बाटलीत मिळतं तेच.

उलट बाजूने जिवाणूही गप्प नव्हते. पेनिसिलिन मोडणारं विकर 1940 मध्येच, पहिल्या रुग्णाला ते टोचण्याआधी, नोंदवलं गेलं होतं. त्याला दाद न देणारं अर्धकृत्रिम मेथिसिलिन आलं, आणि 1961 मध्ये त्यालाही न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जिवाणू हजर झाला.

ट्रायक्लोसानची गोष्ट याच धाग्यातली. हे कृत्रिम जंतुनाशक आधी रुग्णालयांत, मग साबणांत आणि टूथपेस्टमध्ये शिरलं. ते कार्बोलिकसारखं सगळीकडे घाव घालतं, त्यामुळे जिवाणूंना त्यातून सुटका नाही, असं मानलं जाई. 1998 मध्ये उघड झालं की कमी मात्रेत ते मेदाम्लं बनवणाऱ्या एकाच विकराला नेमकं पकडतं. त्या विकरात जरा बदल झाला की जिवाणू ट्रायक्लोसान सोसतो. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ट्रायक्लोसानसह एकोणीस घटक घरगुती हात धुण्याच्या साबणांत वापरायला मनाई केली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस असल्याचा पुरावा उत्पादकांना देता आला नव्हता. आणि साधा साबण तर बहुतेक जिवाणूंना मारतही नाही, कातडीवरून सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो.