आजचा आयएनआर कालच्या गोळीचा नसतो

रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉरफेरिन घेणाऱ्याच्या हाती आयएनआरचा, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट पडला की पहिला संशय काल रात्रीच्या गोळीवर. आयएनआर वाढला? कालची गोळी जास्त झाली. कमी आला? आज दोन घेऊन टाकू. हा घरगुती हिशेब चुकीचा आहे, आणि तो का चुकतो हे या औषधातलं मला सगळ्यात आवडणारं प्रकरण आहे.

वॉरफेरिन रक्तातल्या कशालाच थेट हात लावत नाही. त्याचं काम यकृतात चालतं. गुठळी घडवणारी २, ७, ९ आणि १० क्रमांकाची प्रथिनं यकृतात तयार होतात. अगदी शेवटी त्यांतल्या काही ग्लुटामिक आम्लांना एकेक जादा कार्बोक्सिल गट जोडला जातो. तो असला तरच हे प्रथिन कॅल्शियमला धरून जखमेपाशी चिकटतं. या जोडणीत 'के' जीवनसत्त्व खर्च होतं आणि एक विकर (एन्झाइम) ते पुन्हा वापरण्याजोगं करतं. वॉरफेरिन त्या विकराला अडवतं. प्रथिनं बनत राहतात, पण निकामी.

मात्र कारखान्यातून सदोष माल निघू लागला तरी आधीचा चांगला माल बाजारात असतोच. तो संपायला वेळ लागतो, आणि प्रत्येकाचा वेळ वेगळा. सातव्या घटकाचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, सुमारे ६ तास, नवव्याचं २४ तासांच्या आसपास, दहाव्याचं दीड दिवस आणि दुसऱ्याचं, म्हणजे प्रोथ्रॉम्बिनचं, तब्बल ६० ते ७२ तास. म्हणून औषध सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आयएनआर वर सरकतो तो मुख्यतः सातवा घटक घटल्यामुळे. गुठळीपासून खरं संरक्षण प्रोथ्रॉम्बिन उतरल्यावरच मिळतं. त्यातच गुठळीला आवर घालणारं प्रोटीन सी हेही 'के'वरच अवलंबून, आणि तेही लवकर संपतं. म्हणजे पहिले काही दिवस पारडं उलट गुठळीकडे झुकू शकतं. आधीच गुठळी झालेल्या रुग्णाला सुरुवातीला किमान पाच दिवस सोबत हिपॅरिन हे लगेच काम करणारं गुठळीरोधक इंजेक्शन देतात ते यासाठीच.

तेव्हा आजच्या आकड्यात मागच्या काही दिवसांच्या गोळ्या बोलत असतात. आज बदललेल्या मात्रेचा पुरता परिणाम दिसायलाही तितकेच दिवस लागतात, म्हणून बदल डॉक्टरांनीच करायचा.

आयएनआर म्हणजे रुग्णाचं रक्त गोठायला लागणारा वेळ भागिले सामान्य वेळ, आणि या गुणोत्तराचा प्रयोगशाळेतल्या रसायनाच्या संवेदनशीलतेनुसार घेतलेला घात (पॉवर). बहुतेकांसाठी २ ते ३ ही मर्यादा असते. हृदयाच्या काही कृत्रिम झडपांसाठी थोडी वर. ५ च्या पुढे रक्तस्रावाचा धोका झपाट्याने वाढतो.

पण आकडा नीट आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. ही चाचणी प्लेटलेट मोजत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या प्लेटलेटना कमजोर करतात, शिवाय जठराचं अस्तर दुखावतात, आयएनआर २.५ असतानाही पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं होणं, लाल लघवी, हिरड्यांतून न थांबणारं रक्त, कारण नसताना पडलेले मोठे काळेनिळे डाग, अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी किंवा डोक्याला मार, यांपैकी काहीही झालं तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

मेट्रोनिडॅझोल, फ्लुकोनॅझोल, को-ट्रायमॉक्साझोल आयएनआर चढवतात, रिफॅम्पिसिन उतरवतं. असं औषध सुरू किंवा बंद झालं की काही दिवसांतच तपासणी हवी. पालेभाज्या सोडायची गरज नाही, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवलं की झालं. मोबाइलवर फिरणारे 'नैसर्गिक रक्त पातळ करणारे' काढे मात्र दूरच ठेवा: त्यांची मात्रा कुणी मोजलेली नसते आणि गोळीशी त्यांचं काय जमेल हेही सांगणाऱ्याला ठाऊक नसतं.

अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान या गुठळी रोखणाऱ्या नव्या गोळ्यांना नेहमीची आयएनआर तपासणी लागत नाही. त्यांचा परिणाम त्या आकड्यात नीट उतरतच नाही. पण त्या कमीअधिक प्रमाणात मूत्रपिंडातून बाहेर पडतात, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तरी, वयस्करांचं त्याहून लवकर, तपासावं लागतं. आणि वॉरफेरिनचा असर दिवसांनी ओसरतो, तर यांचा काही तासांत. इथे चुकलेल्या गोळीला फार माफी नाही.