क्रीडासट्टा आणि अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल

क्रीडासट्टा आणि अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल : सामन्याच्या निकालावर, दोन संघांच्या गुणांमधील फरकावर किंवा एकट्या खेळाडूच्या कामगिरीवर पैसे लावण्याच्या व्यवहाराला क्रीडासट्टा म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा सट्टा व्यावसायिक संघांप्रमाणेच विद्यापीठांच्या फुटबॉल संघांवरही चालतो. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत व फेकत खेळला जाणारा अमेरिकी फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो तिकडे सॉकर. संघातील मुले साधारणतः १८ ते २३ वर्षांची, कागदोपत्री विद्यार्थी. मात्र शनिवारी त्यांचा खेळ पाहायला मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. सट्टा जसजसा संघाच्या जय-पराजयापासून एकेका खेळाडूच्या एकेका हालचालीपर्यंत खाली उतरत गेला, तसतसा त्याचा भार या मुलांवर वाढत गेला, असे त्याच्या इतिहासावरून दिसते.

नुसत्या निकालावरचा सट्टा एकतर्फी सामन्यांत निरर्थक ठरतो, कारण बलाढ्य संघ जिंकणार हे सगळ्यांनाच ठाऊक असते. त्यावर ‘पॉइंट स्प्रेड’ हा तोडगा गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. बलाढ्य संघाला सात गुणांचे ओझे दिले, तर त्याच्यावर पैसे लावणारा तो संघ किमान आठ गुणांनी जिंकला तरच जिंकतो. या युक्तीने सट्टेबाजांचा धंदा वाढला, पण तिच्यातून एक नवी पळवाटही निघाली. आता खेळाडूला सामना हरण्याची गरज उरली नाही. दहाऐवजी पाच गुणांनी जिंकले की पुरे. संघ जिंकतो, प्रशिक्षक खूश, प्रेक्षक खूश, आणि ठरलेले पैसे हातात. या प्रकाराला ‘पॉइंट शेव्हिंग’, म्हणजे गुण छाटणे, असे नाव आहे. खेळाच्या निकालासाठी लाच देणे १९६४ च्या कायद्याने संघराज्य पातळीवरील गुन्हा ठरले असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

फुटबॉलमधील अशा प्रकरणांत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे प्रकरण विशेष बोलके आहे. १९९४ च्या हंगामात आयोवाविरुद्धच्या सामन्यात या संघाच्या एका रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या) हातून गोलरेषेच्या तोंडाशी चेंडू निसटला. धक्काबुक्कीच्या या खेळात चेंडू निसटणे ही रोजची गोष्ट, त्यामुळे त्या वेळी तो निव्वळ दुर्दैवाचा भाग वाटला. प्रत्यक्षात त्याने आपल्याच संघाच्या विरुद्ध पैसे लावले होते आणि चेंडू जाणूनबुजून सोडला होता. १९९८ मध्ये संघाच्या चार माजी खेळाडूंवर ग्रँड ज्यूरीपुढे (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) खोटी साक्ष दिल्याचे आरोप ठेवण्यात आले. हाच संघ पुढच्याच हंगामात आपल्या गटाचे, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या समूहाचे, विजेतेपद मिळवून प्रतिष्ठेच्या रोझ बोल सामन्यात खेळला, हे लक्षात घेतले म्हणजे मैदानावर दिसणाऱ्या खेळावरून काहीच ओळखता येत नाही, याची कल्पना येते. १९९६ मध्ये बोस्टन कॉलेजच्या १३ फुटबॉलपटूंना सट्टा खेळल्याबद्दल निलंबित करण्यात आले. त्यांतील दोघांनी स्वतःच्या संघाच्या पराभवावर पैसे लावले होते. अशा प्रकरणांची वाट बहुधा ठरलेली असते : आधी हौस, मग बुकीची उधारी, मग उधारीच्या बदल्यात ‘फक्त माहिती’, आणि शेवटी खेळच.

१९९२ च्या एका कायद्याने नेवाडासारखी मोजकी राज्ये वगळता क्रीडासट्ट्याला परवानगी देण्यास राज्यांना मनाई होती. न्यू जर्सी राज्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी हा कायदा रद्द ठरवला, आणि त्यानंतर तीसहून अधिक राज्यांनी सट्टा कायदेशीर केला. गल्लीतला बुकी शोधण्याची गरज संपली. सट्टा वसतिगृहाच्या खोलीत, उशाशी ठेवलेल्या फोनमध्ये आला. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशनने (एनसीएए) २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते २२ वयोगटातील ५८ टक्के तरुणांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारे क्रीडासट्टा खेळल्याचे सांगितले. बहुतेक राज्यांत त्यासाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. याच काळात काही विद्यापीठांनी सट्टा कंपन्यांशी जाहिरातीचे करार केले. टीका झाल्यावर २०२३ मध्ये या उद्योगाच्या संघटनेनेच असे करार आपल्या आचारसंहितेतून बाद केले.

फोनवरच्या सट्ट्याने आणलेला सर्वांत नाजूक प्रकार म्हणजे ‘प्रॉप’. यात अमुक क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) किती यार्ड चेंडू फेकेल किंवा तमुक खेळाडू किती झेल घेईल यावर पैसे लागतात. क्रिकेटमधील स्पॉट फिक्सिंगची प्रकरणे वाचलेल्या मराठी वाचकाला यातील धोका वेगळा समजावून सांगायला नको. अख्खा सामना फिरवण्यासाठी अनेकांना वश करावे लागते, एक झेल सोडायला एकटा पुरतो. शिवाय माहितीलाच किंमत येते. ‘घोटा अजून दुखतोय का रे?’ हा खोलीतील सोबत्याचा किंवा शेजारच्या बाकावरील मुलाचा प्रश्न काळजीचा की कामाचा, हे खेळाडूला कळेनासे होते. एनसीएएचे अध्यक्ष व मॅसॅच्युसेट्सचे माजी राज्यपाल चार्ली बेकर यांनी मार्च २०२४ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंवरील प्रॉपवर देशभर बंदीची मागणी केली. ओहायो, मेरीलँड, लुइझियाना आदी राज्यांनी तशी बंदी घातली आहे. माहितीचा चोरटा बाजार आटोक्यात यावा म्हणून बिग टेन (२०२३) व साउथईस्टर्न (२०२४) या गटांनी जायबंदी खेळाडूंची यादी सामन्यापूर्वी जाहीर करण्याचा प्रघात सुरू केला.

जो खेळाडू सट्ट्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, त्यालाही त्याची झळ लागते. समजा, संघ चार गुणांनी पुढे आहे, शेवटचे मिनिट आहे आणि वीस वर्षांच्या किकरचा फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून चेंडू लाथेने मारून तीन गुण मिळवण्याचा प्रयत्न, हुकतो. संघ तरीही जिंकतो. पण तीन गुण न मिळाल्यामुळे ज्यांचा स्प्रेड बुडाला, त्यांच्या शिव्या आणि धमक्या तो कपडे बदलण्याच्या खोलीत पोचायच्या आत त्याच्या फोनवर आलेल्या असतात. काही जण तर पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपवरून बुडालेल्या रकमेची रीतसर मागणीही करतात. एनसीएएसाठी झालेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, समाजमाध्यमांवरील जाहीर शिवीगाळीपैकी सुमारे १२ टक्के सट्ट्याशी निगडित आढळली. खासगी संदेश या मोजणीत धरलेले नाहीत.

खेळाडू स्वतः सट्ट्याकडे वळतात, त्यामागे ‘आपल्याला खेळ कळतो’ हा समज मोठा असतो. २०२३ मध्ये आयोवा राज्यातील दोन प्रमुख विद्यापीठांच्या खेळाडूंची चौकशी झाली, तेव्हा काहींनी घरच्यांच्या नावे उघडलेल्या खात्यांवरून पैसे लावल्याचे आरोप झाले. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकला अल्पवयात जुगार खेळल्याबद्दल जेमतेम काहीशे डॉलरचा दंड झाला. पण तो हंगाम त्याच्या हातून गेला. पुढे, तपास अधिकाऱ्यांनी वॉरंटाशिवाय वसतिगृहांतील फोनच्या ठिकाणांचा माग काढल्याचा आक्षेप निघाला आणि २०२४ मध्ये काही खेळाडूंवरील आरोप मागे घेण्यात आले. गेलेले सामने मात्र परत मिळण्यासारखे नव्हते.

शिक्षेच्या प्रमाणाबाबत एनसीएए स्वतःही चाचपडत आहे. २०२३ पासून व्यावसायिक खेळांवर वगैरे लावलेल्या एकूण २०० डॉलरपर्यंतच्या पैजांना केवळ प्रबोधन, तर ८०० डॉलरच्या पुढे हंगामाच्या ३० टक्के सामन्यांना मुकणे, अशी उतरंड आहे; स्वतःच्या सामन्यावर पैसे लावणाऱ्याची खेळण्याची पात्रता कायमची जाऊ शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये खेळाडूंना व्यावसायिक खेळांवर सट्टा लावण्याची मुभा देण्याचा निर्णय झाला, पण एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतील दोनतृतीयांशांहून अधिक संस्थांनी त्याविरुद्ध मत दिल्याने तो अमलात येण्याआधीच नोव्हेंबरमध्ये रद्द झाला.