अनंताचं गुटी कलम आणि छाट कलम: साल कुठे काढायची, पानं कुठे ठेवायची

छाट कलम बाग करणाऱ्याला नव्याने शिकवायला नको. पाऊस स्थिरावला की ना फार कोवळी ना फार जून अशी फांदी घ्यायची, 12 ते 15 सेंटिमीटरची काडी करायची आणि पेराच्या जरा खाली काप द्यायचा. वर पानांच्या दोन जोड्या ठेवायच्या, त्याही अर्ध्या कापून. निम्मं कोकोपीट, निम्मी जाडी वाळू, वरून प्लॅस्टिकची पिशवी आणि सावली. मोगरा, तगर लावणाऱ्यांना हे पाठ असतं. अनंताला फक्त वेळ जास्त लागतो, साधारण सहा ते आठ आठवडे. काडीवर कळी असेल तर ती खुडून टाका.

घोळ होतो तो गुटीपाशी. गुटी म्हणजे झाडावरच असलेल्या फांदीची साल गोल काढून, तिथे ओल्या शेवाळाचा गोळा बांधून मुळं फोडायची आणि मग ती फांदी कापून लावायची. काडी कुंडीत खोचण्याआधी तिच्या खालच्या टोकाची साल गोल सोलून टाका, असा सल्ला पुन्हा पुन्हा दिला जातो. दुसरीकडे गुटी बांधताना फांदी वरपर्यंत बोडकी करणारेही कमी नाहीत. एका पद्धतीतली पायरी उचलून दुसरीला लावली की दोन्ही फसतात, कारण फांदीच्या आत काय चाललंय ते दोन्हींत अगदी उलट आहे.

मुळांनी ओढलेलं पाणी वर चढतं ते आतल्या लाकडातून. पानांनी तयार केलेलं अन्न खाली उतरतं ते सालीतून. गुटीत साल गोल काढली की अन्नाची वाट बंद होते, पाण्याची चालूच राहते. म्हणून फांदी सुकत नाही. वरून येणारं अन्न आणि शेंड्यात तयार होणारं मूळ फुटवणारं संजीवक कापाच्या वरच्या कडेला येऊन साठतं, आणि मुळं तिथेच फुटतात. खालच्या कडेला नाही. रूटिंग पावडर वरच्या कडेलाच लावायची, आणि शेवाळाचा गोळाही वरच्या बाजूला जास्त येईल असा बांधायचा, तो याचसाठी. पानं हवीत तीही याचसाठी. गोळा बसेल तेवढ्या भागातली काढा, वरची सगळी ठेवा. पानंच नसतील तर साठायला अन्न येणार कुठून?

काडीचं उलटं. तिचं पाणीच तुटलेलं असतं. पानं जास्त ठेवली तर मुळं येण्याआधी ती सुकते, म्हणून पानं कमी करायची. आणि तिचं टोक गोल सोललं, तर सोललेल्या भागापर्यंत अन्न पोचतच नाही. तो उघडा लाकडाचा तुकडा ओल्या वाळूत कुजतो आणि कूज वर चढते. फार तर एका बाजूने दोन सेंटिमीटर सालीची पातळ पट्टी काढा, बाकीची साल शाबूत ठेवा.

गुटीत साल काढतानाही हात आखडता घेऊ नका. एक वर्षाची, पेन्सिलएवढी फांदी घ्या. शेंड्यापासून 30 ते 40 सेंटिमीटर खाली, पेराच्या लगेच खाली, अडीच सेंटिमीटर रुंदीची साल पूर्ण काढा. मग लाकडावरचा बुळबुळीत थर चाकूच्या उलट्या बाजूने खरवडा, बोटाला कोरडं लागेपर्यंत. गुटी फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हा राहिलेला थर. त्यातून नवी साल तयार होते, वरचा आणि खालचा काप जोडला जातो, अन्न पुन्हा खाली वाहू लागतं. फांदी हिरवीगार दिसते, पण तीन महिन्यांनी उघडलं तरी मूळ नाही. मात्र चाकू लाकडात रुतवू नका, नाहीतर पाण्याची वाटही तुटेल.

गोळ्यासाठीचं शेवाळ, म्हणजे स्फॅग्नम मॉस, भिजवून घट्ट पिळा, थेंब गळता कामा नये. मूठभर पुरतं. पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने आवळा. वरचं टोक सैल राहिलं तर पावसाचं पाणी आत शिरून सगळं कुजतं. ऊन लागत असेल तर वरून कागद गुंडाळा.

पांढरी मुळं दिसली म्हणून लगेच कापायची घाई नको. ती किंचित तपकिरी होऊन त्यांना उपमुळं फुटू द्या, दोन ते अडीच महिने जातील. आधी गोळ्याखाली अर्धा काप द्या, आठवड्याने पूर्ण. आणि इथे नियम फिरतो: फांदी आता झाडाच्या पाण्यावर नाही, म्हणून आता पानं निम्मी करायची. प्लॅस्टिक काढायचं, गोळा न फोडता लावायचा आणि तीन आठवडे सावलीत ठेवायचं.

दालचिनी, मध, कोरफड, बटाट्यात खोचलेली काडी हे सगळं सोडून द्या. खरवडायचा राहिलेला थर यातल्या कशानेही भरून निघत नाही. काडीला आयबीए या मूळ फुटवणाऱ्या संजीवकाची साधी पावडर पुरते.

घरासाठी एकच झाड हवं असेल तर गुटीच बांधा. मोठं रोप मिळतं, आणि फसली तरी खालून फांदी पुन्हा फुटते. कुंपणाला वीस रोपं हवी असतील तर काड्या लावा. कोणत्याही पद्धतीने केलेल्या रोपाला बोअरचं जड पाणी घालत राहिलात तर लोह मिळेनासं होऊन कोवळी पानं पिवळी पडतील, शिरा तेवढ्या हिरव्या राहतील. अनंताला आम्ल माती लागते, म्हणून पावसाचं पाणी साठवून तेच घाला.